कोल्हापुरात बांधलेला जगप्रवासाचा ट्रक: उद्यमनगरच्या कामाचं परीक्षण

फोर बाय फोर ट्रकवर राहायची केबिन बांधून जग फिरायला निघायचं असेल, तर त्या बांधकामासाठी कोल्हापूर ही फार चांगली जागा आहे. फसायची शक्यताही इथेच मोठी आहे. दोन्हींचं कारण एकच, इथल्या हाताला लोखंडाची सवय आहे. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत ओतकाम होतं, दुसरीत टर्निंग, तिसरीत ग्राइंडिंग. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्र्या आहेत, ट्रकच्या बॉड्या आणि उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या शेड आहेत. सकाळी कागदावर काढलेला भाग संध्याकाळी हातात मिळतो. पुण्या-मुंबईत यासाठी आठवडा जातो. हे परीक्षण कुठल्या एका वर्कशॉपचं नाही, या सगळ्या पेठेत मिळणाऱ्या कामाचं आहे. काय डोळे झाकून द्यावं, कुठे शेजारी उभं राहून करून घ्यावं आणि काय इथे करूच नये, ते सांगण्यासाठी.

पहिली गोष्ट दराची, कारण पुढच्या बऱ्याच चुका तिथून सुरू होतात. इथे फॅब्रिकेशनचा दर बहुतेक ठिकाणी किलोवर ठरतो. ट्रॉलीसाठी ते ठीक आहे. एक्स्पिडिशन ट्रकसाठी तो दर घातक ठरतो. किलोवर पैसे मिळणार म्हटल्यावर 3 मिमीच्या जागी 5 मिमी पत्रा येतो, कोपऱ्याला जादा गसेट (आधाराचा त्रिकोणी पत्रा) येतं, आणि मेस्त्री मनापासून समजावतो, "असं बांधून देतो बघा, हत्ती नाचला तरी हलायचं नाही." त्यात लबाडी काही नसते. वीस टन ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीचं ते शहाणपण आहे. पण आपल्याला जे हवं ते नेमकं उलटं असतं. म्हणून ड्रॉइंग आधी तयार करा, प्रत्येक भागाचं मटेरियल आणि जाडी त्यावर लिहा आणि दर ठोक ठरवा. वजनाची कमाल मर्यादाही करारात घाला. सबफ्रेम (चेसिस आणि केबिन यांच्यामधली चौकट) 250 किलोच्या वर गेली तर परत, असं स्पष्ट लिहिलं की पुढची वादावादी टळते.

आता मुख्य मुद्दा. ट्रकची चेसिस म्हणजे दोन सी चॅनेल आणि मधल्या आडव्या पट्ट्या. ती पिळली जावी अशीच बनवलेली असते. एक चाक आणि त्याच्या तिरपं समोरचं, दोन्ही दगडांवर गेली की चेसिस पीळ घेते आणि चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. तिच्यावर केबिनची ताठ पेटी यू-बोल्टनी शेवटपर्यंत आवळून टाकली, तर पीळ जाणार कुठे? आधी खिडक्यांच्या कोपऱ्यांत भेगा पडतात, मग दार अडकतं, मग पॅनेलचा जोड सुटतो आणि शेवटी चेसिसलाच तडा जातो. तो तडा बहुधा ड्रायव्हर केबिनच्या मागे, जिथे सबफ्रेम एकदम सुरू होते, तिथे सापडतो. सबफ्रेमचं ते टोक सरळ न कापता तिरकं उतरतं करून घ्यायचं, म्हणजे ताण एका रेषेवर साचत नाही.

पेटी पिळापासून मोकळी ठेवण्याचे दोन मार्ग इथे नीट करून मिळतात. पहिला तीन बिंदूंचा: मागे दोन पक्के आधार आणि पुढे मधोमध एक फिरती पिन. दुसरा स्प्रिंगचा: सबफ्रेम चेसिसवर पूर्ण लांबी टेकलेली, मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास पक्की आणि पुढच्या बाजूला प्रत्येक बोल्टवर स्प्रिंग, म्हणजे पीळ पडला की तेवढ्यापुरती फ्रेम चेसिसवरून उचलली जाते. सात-साडेसात टनी भारतीय चेसिसवर आमचा कौल स्प्रिंगला. तीन बिंदूंत सगळा भार तीन जागी येतो आणि हलक्या चॅनेलला ते वाकवणारं ठरतं. स्प्रिंगमध्ये भार लांबीभर पसरतो. जाड चेसिसचा लष्करी ट्रक असेल तर तीन बिंदू चालतात. कुठलीही पद्धत घेतलीत तरी चेसिस कंपनीचं बॉडी बांधणाऱ्यांसाठीचं पुस्तक आधी मिळवा. पक्का आधार कुठे आणि मोकळा कुठे ते त्यात असतं आणि गाडीगणिक बदलतं.

स्प्रिंगच्या कामात तीन चुका हमखास होतात. स्प्रिंग लावतात, पण नट इतका आवळतात की कड्याला कडं टेकतं. मग ती स्प्रिंग राहत नाही, नुसता स्पेसर होतो. पुढच्या टोकाला 30 ते 40 मिमी उघडायला वाव हवा आणि तेवढं उघडूनही स्प्रिंगला आणखी दबायला जागा शिल्लक हवी. दुसरी चूक, आडवं सरकणं रोखणाऱ्या बाजूच्या प्लेटा विसरतात. स्प्रिंग फक्त वर-खाली सांभाळते, वळणावर पेटी बाजूला ढकलली जाते ती या प्लेटा पेलतात. तिसरी चूक सगळ्यांत वाईट: प्लेट बसवायला सरळ चेसिसला वेल्डिंग. चेसिसचं पोलाद कारखान्यात ठरावीक ताकदीचं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी ते बदलतं आणि टाक्याच्या कडेने तडा चालू होतो. चॅनेलच्या वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या कडेला) भोकही पाडायचं नाही. उभ्या बाजूला कारखान्याची भोकं असतात ती वापरायची, बोल्ट 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे, नायलॉक नटसह. यू-बोल्ट वापरणं भागच असेल तर चॅनेलच्या पोटात ठोकळा घालून मगच आवळायचा, नाहीतर फ्लँज आत वाकते.

तीन बिंदूंची पिन मात्र कोल्हापुरात जितकी छान होते तितकी क्वचितच कुठे होत असेल. ईएन 24 पोलादाची पिन, गनमेटलचा ओतीव बुश, आतून ग्रीसची खाच, वर निपल. टर्नरला पिन आधी देऊन बुश तिच्या मापाने बोअर करायला सांगा. हाताने फिरेल पण खडखडणार नाही एवढीच सैल. हा एक भाग देऊन निश्चिंत घरी जावं. ओतकाम आणि लेथ एकमेकांना खेटून असण्याचा फायदा इथे कळतो. बुश सैल झाला तर त्याच संध्याकाळी दुसरा मिळतो, हे सुख उद्यमनगरचंच.

पेटीचं तसं नाही. इथे पेटी म्हणजे चौकोनी पाइपचा सांगाडा, बाहेरून पत्रा, मध्ये थर्माकोल, आतून प्लाय. हिशेब मांडून बघा. 4.2 मीटर लांब, 2.2 रुंद आणि 2.1 उंच पेटीचं सहा बाजूंचं क्षेत्रफळ सुमारे 45 चौरस मीटर. 1.6 मिमी पत्रा चौरस मीटरला साडेबारा किलो, 40 बाय 40 चा 2 मिमी पाइप मीटरला 2.4 किलो, त्यात 6 मिमी प्लाय. सगळं धरून चौरस मीटरला चोवीस किलोच्या घरात जातं. म्हणजे नुसती पेटी हजार-अकराशे किलो. तीच पेटी सँडविच पॅनेलची केली, दोन्हीकडे 2 मिमी फायबरग्लासची कातडी आणि मध्ये 50 मिमी पीयू फोम, तर चौरस मीटरला नऊ किलो, एकूण चारशेच्या आसपास. सहाशे किलोंचा फरक म्हणजे भरलेली पाण्याची टाकी, भरलेली डिझेल टाकी आणि वर शंभर किलो सामान.

वजनाहून मोठं दुखणं थंडीचं आहे. लोखंडी पाइप आतल्या प्लायपासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत सलग जातो, गारवा त्यातून थेट आत येतो. बंद पेटीत झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून अर्धा-पाऊण लिटर पाणी सोडतात. स्पितीत किंवा पामीरमध्ये बाहेर उणे पंधरा असताना ते पाणी त्या पाइपांच्या रेषेवर जमतं, प्लायमागे उतरतं आणि तिथेच राहतं. दोन हंगामांत प्लाय कुजतो, पाइप आतून गंजतो. कोल्हापुरात गाडी ताब्यात घेताना यातलं काहीच दिसत नाही, कारण इथला हिवाळा ते दाखवण्याइतका कडक नसतो.

पॅनेल इथे विचारलं की बहुतेक जण कोल्ड स्टोरेजचं पफ पॅनेल दाखवतात, दोन्हीकडे अर्धा मिमी रंगीत पत्रा असलेलं. ते एका जागी उभ्या राहणाऱ्या खोलीसाठी चांगलं आहे. रस्त्याच्या हादऱ्याला त्याची खाच-जीभ सुटते आणि पत्रा फोमवरून फुगतो. ते घेऊ नका. रेफ्रिजरेटेड गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्यांकडून मापाप्रमाणे फायबरग्लास पॅनेल मागवा आणि जोडणी कोल्हापुरात करा. दुधाच्या इन्सुलेटेड गाड्यांवर ज्याचा हात बसलाय असा कारागीर त्यासाठी शोधा, ट्रॉलीवाला नको.

जोडणी बोल्टाने करायची नाही, पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने करायची. सिकाफ्लेक्स 252 सारखं, खिडकीच्या सीलंटसारखं नव्हे. दोन्ही पृष्ठभाग 80 ते 120 च्या पॉलिश पेपरने घासायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, कंपनीने सांगितलेला प्रायमर लावून सांगितलेला वेळ थांबायचं, मग त्रिकोणी नोझलने चिकटद्रव्याची उभी रेघ सोडायची. जोडाची जाडी किमान 3 मिमी राहिलीच पाहिजे, त्यासाठी मध्ये रबराचे तेवढ्या जाडीचे तुकडे ठेवतात. इथल्या हाताला क्लॅम्प पूर्ण आवळायची सवय, आणि तेवढ्याने सगळं द्रव्य बाहेर येतं, आत अर्धा मिमी उरतं. असा जोड हादऱ्याला लवत नाही, फाटतो. हे द्रव्य हवेतल्या दमटपणावर वाळतं, साधारण दिवसाला 3-4 मिमी, त्यामुळे पावसाळ्यात लवकर वाळेल असा समज होतो. पण जुलैत उघड्या शेडमध्ये पॅनेलवर न दिसणारं दव धरतं आणि चिकट पकडच घेत नाही. पेटीची जोडणी ऑक्टोबर ते मे यांतच ठरवा. आणि कामाच्या शेडमध्ये साधी सिलिकॉनची ट्यूब येऊच देऊ नका. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना पॉलियुरेथेन.

आतलं सुतारकाम इथे सुबक होतं, पण 19 मिमी प्लायची सवय मोडावी लागते. 8 बाय 4 चा तो एक ताव पस्तीस ते चाळीस किलोंचा. 12 मिमी पुरतो, आडव्या फळ्यांना पुढून पट्टी दिली की झालं. खिळे आणि फेव्हिकॉलवर भरवसा नको. कोपऱ्यांना अ‍ॅल्युमिनियम अँगल आणि नट-बोल्ट लावा. ड्रॉवरला चुंबकी नव्हे, दाबून उघडणारं कुलूप हवं. पहिल्या घाटात फरक कळतो.

वीजकामात आमचं मत सगळ्यांत कडक आहे. इथले ऑटो इलेक्ट्रिशियन ट्रकचं वायरिंग उत्तम करतात, पण 12-24 व्होल्टच्या लाइट-हॉर्नचं. निवासी ट्रकात एका तारेतून दीडशे अँपिअर वाहतात. उदाहरण घ्या: 24 व्होल्टची, 200 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे आठ सेल ओळीने, सुमारे 5 युनिट. इंडक्शनसाठी 3000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर 140 अँपिअरच्या आसपास ओढतो. तिथे 50 चौरस मिमीची तांब्याची केबल, लांबी शक्य तेवढी कमी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात 200 अँपिअरचा क्लास टी फ्यूज. लग (तारेच्या टोकाची तांब्याची टोपी) हातोडीने ठोकून बसवतात, तिथेच जोड तापतो. हायड्रॉलिक क्रिंपिंगचं यंत्र आणायला लावा, दाबल्यावर लग ओढून बघा. परतीचा मार्ग चेसिसवरून घेऊ नका, प्रत्येक उपकरणाला दोन तारा. शून्य अंशाखालच्या थंडीत हा सेल चार्ज केला तर तो कायमचा बिघडतो, म्हणून बॅटरी पेटीच्या आत आणि बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला) थंडीत चार्जिंग तोडायची सोय. छतावर 400 वॅटच्या तीन सौर पाट्या बसतात. उन्हाच्या दिवशी चार-पाच युनिट येतात, ढगाळ दिवशी त्याच्या पाव भागावर भागवावं लागतं, तेव्हा ट्रकच्या अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जर हवाच.

स्वयंपाकाला गॅस नको असं आम्ही म्हणतो ते याच हिशेबाने. आपल्या सिलिंडरचा वॉल्व्ह बऱ्याच देशांत बसत नाही आणि भरूनही मिळत नाही. डिझेल हीटर मात्र घ्यावा, पण उंचीवरचं किट असलेला. हवा विरळ झाली की साधा हीटर इंधन पूर्ण जाळत नाही, काजळी धरतो आणि नेमका लडाखमध्ये बंद पडतो. तिथली उमलिंग ला खिंड 5,798 मीटरवर आहे. तिथे पोचून हे कळून उपयोग नाही.

पाण्याची टाकी इथे डोळे झाकून करून घ्या. एसएस 304 ची, टिग वेल्डिंगची, आत आडवे पडदे घातलेली 250 लिटरची टाकी बनवणारे हात कोल्हापुरात भरपूर आहेत. दोन अटी: टाकी पेटीच्या आत, जमिनीलगत आणि दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, आणि हात घालून धुता येईल एवढं झाकण.

चेसिस कोणती, हा प्रश्न आधी यायला हवा होता, पण कोल्हापूरशी त्याचा संबंध कमी म्हणून मागे ठेवला. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांना 10 पीपीएम गंधकाचं डिझेल लागतं. आफ्रिकेच्या आणि मध्य आशियाच्या बऱ्याच भागांत डिझेलमधलं गंधक याच्या कितीतरी पट असतं. तिथे धूर साफ करणाऱ्या डीपीएफ आणि एससीआर यंत्रणा खराब होतात, इंजिन स्वतःच जोर कमी करून घेतं. त्या मार्गावर जायचं असेल तर मेकॅनिकल पंपाचं जुनं बीएस-3 इंजिन शहाणपणाचं. युरोप, रशिया, ऑस्ट्रेलिया एवढंच असेल तर नवी गाडी चालेल. मागचं जोडचाक काढून एकेरी करावं, वाळूत पुढच्या चाकाच्या वाटेवरूनच मागचं गेलं की इंजिनावरचा भार कमी होतो आणि जोडचाकांत दगड अडकायची भानगड उरत नाही. पण त्यासाठी लागणारी रिम इथल्या लेथवर कापून-जोडून करायला कुणी तयार झाला तरी करू नका. भाराच्या मानांकनाची तयार रिमच घ्या, आणि टायरही एकट्याने तो अ‍ॅक्सल पेलणारा.

कागदाचं काम लोखंडाच्या आधी. तयार ट्रकची बॉडी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतं. ड्राइव्ह-अवे चेसिस घेऊन तिच्यावर मोटार कॅरॅव्हॅन म्हणून बॉडी बांधणं सरळ पडतं. त्यासाठी एआयएस-124 हे मानक आहे. ड्रॉइंग घेऊन आधी एमएच-09 च्या आरटीओत विचारा, मग पहिला बोल्ट लावा. परदेशात बऱ्याच ठिकाणी गाडीसाठी कार्ने (गाडी तात्पुरती नेण्याचं सीमाशुल्काचं कागदपत्र) लागतं आणि त्यातलं वर्णन आरसी बुकाशी जुळावं लागतं, म्हणून तिथे "गुड्स कॅरिअर" लिहिलेलं राहू देऊ नका. उंचीचंही आत्ताच ठरवा. हायक्यूब कंटेनरचं दार जेमतेम 2.58 मीटर उंच आणि 2.34 रुंद असतं. वरच्या मापाचा ट्रक त्यात जाणार नाही, तो रो-रो जहाजानेच (ज्यात गाडी चालवत चढवतात) पाठवावा लागेल.

ताबा घेण्याआधीच्या चाचण्या शेडच्या दारातच करा, बाकीचा हप्ता हातात ठेवून. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक 30 सेंटिमीटर उंच ठोकळ्यावर चढवा. त्या स्थितीत पेटीचं दार उघडून लावून बघा, स्प्रिंगखालची फट मोजा, ड्रायव्हर केबिन आणि पेटीतलं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा, ब्रेकच्या नळ्या कुठे ताणल्यात का पाहा. मग बाजू बदलून पुन्हा. दार अडकलं तर पेटी पीळ घेतेय, दार तासून देतो म्हणाले तर ऐकू नका.

नंतर वजनकाटा. पाणी, डिझेल, माणसं, सामान, स्टेपनी सगळं भरून. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, आणि जमलं तर डावी-उजवी बाजू. पेटी, सबफ्रेम, फर्निचर, वीज, पाणी, 300 लिटर डिझेल आणि दोन माणसांचं बिऱ्हाड मिळून सव्वादोन ते अडीच टन होतं. त्यावर गेलं तर कुठेतरी ड्रॉइंग सोडून लोखंड घातलंय. डाव्या-उजव्यात शंभर किलोंहून जास्त फरक असेल तर बॅटरी किंवा टाकी सरकवावी लागेल, स्प्रिंगचे पाटे वाढवून तो लपवू नये.

पिळाच्या चाचणीसाठी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गाडी घालायचा मोह टाळा. तिथली सड्यावरची झाडोऱ्याची पातळ माती एका ट्रकच्या चाकाने वर्षानुवर्षं उघडी पडते. खडीच्या खाणीचा रस्ता मालकाला विचारून वापरा, पीळ तिथे हवा तेवढा मिळतो. पाचशे किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि नटावरून बोल्टावर रंगाची रेघ ओढून ठेवा, पुढे नुसत्या नजरेने कळतं.

गळतीची चाचणी गगनबावड्यात जुलैमध्ये. कोल्हापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर इतका आडवा-तिडवा, दिवसरात्र पाऊस मिळतो की पाण्याच्या पाइपने तो आणता येत नाही. दोन रात्री उतारावर उभी करा, एकदा तोंड वर आणि एकदा खाली, आणि सकाळी छताच्या झडपेचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि तारा जिथून आत येतात त्या जागा कोरड्या टिश्यूने टिपून बघा. ओल सापडली तर आतून काही फासू देऊ नका. कोरड्या दिवसात बाहेरचा जुना थर पूर्ण खरवडून, घासून, प्रायमर लावून तो जोड पहिल्यापासून भरून घ्या.